आग्वादच्या किल्ल्यात कोंडलेल्यांचे काय झाले?

डिसेंबरातली संध्याकाळ होती. कफ परेडच्या मच्छीमार नगरात आम्ही एका ओळखीच्या घरी गेलो होतो. होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. दारातल्या ओट्यावर आजी जाळे शिवत बसली होती. शेजारी सातवीतला नातू मोठ्याने धडा पाठ करीत होता. '१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाला.' हे वाक्य त्याने तीनदा म्हटले. चौथ्यांदा म्हणणार तोच आजीने सुई थांबवली आणि विचारले, "आन् तुरुंगात कोंडलेल्या मानसांचा काय झाला रं?"

नातवाने पान उलटले, मागचे पान पाहिले, पुढचे पाहिले. पुस्तकात उत्तर नव्हते. त्याने आमच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर आम्हालाही चटकन उत्तर देता आले नाही.

आजीच्या मनात हा प्रश्न का आला, हे दर्यावर पोट असलेल्या घराला समजावून सांगावे लागत नाही. समुद्रावर कुंपण नसते. वारा फिरला, इंजिन बंद पडले, की होडी नकळत सीमेपलीकडे जाते आणि माणूस पाकिस्तानच्या तुरुंगात जाऊन पडतो. गुजरातच्या बोटींवर काम करणारे पालघरकडचे कितीतरी खलाशी असे अडकले. २००८ सालच्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीत आपल्या माणसाचे नाव आहे की नाही, एवढ्यावर घरची चूल जळते किंवा विझते. अशा किनाऱ्यावरची बाई लढाई कोणी जिंकली हे नंतर विचारते. आतल्यांचे काय झाले, हे ती आधी विचारते.

त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही शोधले. ते या आठवड्याच्या पानावर वाचकांपुढे ठेवीत आहोत. आया-बहिणींनी ते मुलांना वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.

पाण्याच्या नावाचा किल्ला

आपल्या कोकण किनाऱ्याने सरळ खाली गेले की रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले आणि त्यापुढे गोवा. गोव्यात मांडवी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या काठावर एक डोंगरी टोक पाण्यात घुसले आहे. त्या टोकावर पोर्तुगिजांनी १६१२ साली एक किल्ला बांधून पुरा केला. डच आणि मराठे या दोन्ही शत्रूंना थोपवण्यासाठी तो होता. आत गोड्या पाण्याचे मोठे टाके होते आणि लांबच्या प्रवासाची जहाजे तिथे पाणी भरीत. पोर्तुगीज भाषेत पाण्याला 'आग्वा' म्हणतात, म्हणून किल्ल्याचे नाव आग्वाद.

ज्या किल्ल्याने तहानलेल्या खलाशांना पाणी पाजले, त्याच्याच खालच्या भागात पुढे तुरुंग झाला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला समुद्र. आतल्या माणसाला लाटांचा आवाज रात्रंदिवस ऐकू येई, पण किनाऱ्यावर पाय टाकता येत नसे.

गोवा स्वतंत्र व्हावा असे म्हणणारी माणसे या तुरुंगात येऊ लागली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि गोव्यात चळवळीची ठिणगी पडली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा त्यांना पकडून काही दिवस आग्वादलाच ठेवले होते. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात, ते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनाही त्याच वर्षी आग्वादला टाकले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. तिथून सुटून कुन्हा अखेर आपल्या मुंबईत आले, इथूनच त्यांनी गोव्यासाठी लेखणी चालवली आणि १९५८ साली इथेच त्यांचा अंत झाला.

एका शब्दाची शिक्षा

गोव्यात कैदी व्हायला बंदूक हाती घ्यावी लागत नसे. डॉ. पुंडलिक गायतोंडे हे शल्यचिकित्सक. १९५४ च्या फेब्रुवारीत ते एका मेजवानीला गेले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, असे तिथे एका वक्त्याने म्हटले. डॉक्टर एवढेच म्हणाले की माझा निषेध आहे. त्या एका निषेधापायी त्यांना अटक करून पोर्तुगालला रवाना केले.

डॉक्टरांची ही गत, मग गावातल्या साध्या शिक्षकाचे, शेतकऱ्याच्या पोराचे, पत्रके वाटणाऱ्या मुलीचे काय होत असेल याचा विचार करावा. पकडलेल्या माणसाला मारहाण होई. कासिमिरो मोंतेरो नावाच्या पोलिसाची दहशत अशी होती की त्याचे नाव निघाले की घरातली माणसे आवाज खाली आणीत. राजकीय खटले लष्करी न्यायालयापुढे चालत. दहा वर्षे, बारा वर्षे, वीस वर्षांच्या वर, अशा शिक्षा तिथे वाटल्या जात.

१९५५ साली महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरल्या. मे महिन्यात ना. ग. गोरे गेले, जुलैत मधु लिमये गेले. दोघांनाही लांबलचक शिक्षा झाल्या आणि दोघांनीही आग्वादचा तुरुंग पाहिला. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो नि:शस्त्र माणसे सीमा ओलांडून गेली. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईत हरताळ झाला.

१९५७ च्या फेब्रुवारीत गोरे, लिमये आणि भारतातून गेलेले त्यांचे साथी सुटले. पण इथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. सुटले ते भारताचे नागरिक. आग्वादमध्ये जे गोव्याचेच रहिवासी होते, त्यांना पोर्तुगीज सरकार आपली प्रजा समजत असे. त्यांच्यासाठी बोलायला दिल्लीचा वकील नव्हता की परदेशातला पाहुणा नव्हता. नाव असलेले बाहेर आले आणि नाव नसलेले बरेचसे आतच राहिले. हे चित्र आमच्या वाचकांना अगदीच अनोळखी वाटणार नाही.

एक मच्छीमार मेला आणि फौज हलली

१९६१ चा नोव्हेंबर उजाडला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पोर्तुगिजांचे ठाणे होते. तिथून 'साबरमती' या आपल्या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. त्याच महिन्यात त्याच बेटावरच्या गोळीने कारवारकडचा एक गरीब मच्छीमार मेला. तो जाळे घेऊन गेला होता, झेंडा घेऊन नव्हे. चौदा वर्षे अर्जविनंत्या चालल्या होत्या. आता सरकारचा धीर सुटला.

डिसेंबरात फौज सीमेवर जमली. मोहिमेचे नाव 'ऑपरेशन विजय'. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या देखरेखीखाली मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड अशी ही फौज होती. मुंबई हे आपल्या नौदलाचे पश्चिमेचे मुख्य ठाणे. 'म्हैसूर', 'त्रिशूल', 'बेतवा', 'बियास' या युद्धनौका गोव्याच्या पाण्यात होत्या.

पलीकडे पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार लिस्बनमध्ये बसून होते. गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना त्यांनी कळवले होते की शरणागती नको. आपले सैनिक एकतर विजयी होतील नाहीतर मरतील.

या हुकमाचा तुरुंगातल्या माणसाच्या दृष्टीने काय अर्थ होतो, तो पाहावा. लढाई सुरू झाली की कैद्याला तीन बाजूंनी धोका असतो. पळणारे सैनिक सूडाने त्याला मारू शकतात. त्याला ढालीसारखे पुढे करू शकतात. आणि सोडवायला आलेल्या आपल्याच माणसांचा तोफगोळाही त्याच्या कोठडीवर पडू शकतो. बाहेरच्यांना पळता येते. कोठडीतल्याला पळता येत नाही. म्हणून अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो.

बेतीचा काठ

१८ डिसेंबरच्या पहाटे फौज गोव्यात शिरली. सगतसिंगांच्या ब्रिगेडची एक तुकडी आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाहून निघाली. तीत दुसरी शीख लाइट इन्फंट्री होती आणि ७ व्या कॅव्हलरीचे हलके रणगाडे होते. पोर्तुगिजांनी वाटेतले पूल उडवून दिले होते. फौज ओढे-नाले ओलांडीत, जागोजागी लोकांचे हार-फुले घेत पुढे सरकली आणि संध्याकाळपर्यंत बेतीला पोहोचली.

बेती म्हणजे मांडवीचा उत्तर काठ. समोर पाण्यापलीकडे राजधानी पणजी दिसते. त्या काळी मांडवीवर पूल नव्हता. तरीने जावे लागे. पणजीत शिरण्याचा हुकूम अजून आला नव्हता, म्हणून तुकडी काठावर थांबली.

इथे आजीच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते.

७ व्या कॅव्हलरीतल्या मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांना खबर मिळाली की आग्वादच्या किल्ल्यात भारताच्या बाजूचे राजकीय कैदी कोंडलेले आहेत. आग्वादला जायला मांडवी ओलांडावी लागत नव्हती. याच काठाने समुद्राकडे गेले की किल्ला येतो. मेजर सिद्धूंनी ठरवले की किल्ला घ्यायचा आणि कैद्यांना सोडवायचे. आपली माणसे घेऊन ते निघाले. त्यांच्यासोबत कॅप्टन विनोद सेहगल होते.

तिकडे किल्ल्यात काय स्थिती होती? गोव्याच्या पोर्तुगीज फौजेची घडी विस्कटली होती. त्याच दिवशी सकाळी आपल्या विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले होते. आग्वादच्या शिबंदीला शस्त्रे खाली ठेवा असा हुकूम आलेला नव्हता. समोरून फौज येताना दिसताच त्यांनी गोळीबार सुरू केला. त्या चकमकीत मेजर सिद्धू पडले. कॅप्टन सेहगलही पडले.

दोघे ज्यांना सोडवायला गेले होते त्यांच्यापैकी एकाचेही तोंड त्यांनी कधी पाहिले नसावे. आतले लोक मराठी-कोकणी बोलणारे, हे पंजाबी मुलखातले. ना नाते, ना गाव एक. आत माणसे कोंडली आहेत, एवढीच ओळख त्यांना पुरली.

दुसरी सकाळ

१९ डिसेंबरच्या सकाळी मांडवी ओलांडण्याचा हुकूम आला. साडेसातच्या सुमारास शीख लाइट इन्फंट्रीच्या दोन कंपन्या पणजीत उतरल्या. शहरात विरोध झाला नाही. सगतसिंगांनी जवानांना लोखंडी टोप काढून आपल्या पॅराशूट रेजिमेंटची लाल टोपी घालायला सांगितली. लोकांना सैन्याची भीती वाटू नये, हा त्यातला भाव आम्हाला दिसतो.

त्याच दिवशी ७ वी कॅव्हलरी आणि दुसरी शीख लाइट इन्फंट्री पुन्हा आग्वादवर गेली. बेतीच्या रणगाड्यांची मदत घेतली. या वेळी किल्ला पडला. तुरुंगाचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले.

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी १९५५ पासून रानातून एक गुप्त रेडिओ चालवला होता. पोर्तुगिजांची खोटी बातमी खोडून काढायची, हे त्याचे काम. त्या दिवशी हेच दोघे विमानातून पणजीवर फिरले आणि ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याचे सांगत गेले. रात्री साडेआठला वास्कोत गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. सालाझारांचा मरेपर्यंत लढण्याचा हुकूम त्यांनी पाळला नाही, म्हणून किती जीव वाचले त्याची मोजदाद कोण करणार? १५१० साली आलेली सत्ता ४५१ वर्षांनी गेली.

तयारी असली तर, आणि नसली तर

मेजर सिद्धूंनी घाई केली का, असा प्रश्न कोणी विचारील. तो विचारणे चूक नाही. त्याचे उत्तर द्यायला जगातली दुसरी दोन उदाहरणे उपयोगी पडतील.

दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये जपान्यांनी हजारो कैदी छावण्यांत ठेवले होते. १९४५ च्या ३० जानेवारीला अमेरिकन सैनिकांनी जपानी हद्दीत आत शिरून काबानातुआनच्या छावणीतून पाचशेहून अधिक युद्धकैदी सोडवले. त्यांनी आधी टेहळणी केली होती. स्थानिक फिलिपिनो गनिमांनी रस्ते रोखून धरले. पहारेकऱ्यांचे लक्ष आभाळाकडे लागावे म्हणून वरून एक विमान फिरवले. चालता न येणाऱ्या कैद्यांना गावकऱ्यांनी रेड्यांच्या गाड्यांत घालून नेले. २३ फेब्रुवारीला लॉस बान्योस येथे २,१४७ माणसे सोडवली. तिथे पहारेकरी सकाळी सातला हत्यारे बाजूला ठेवून कवायत करतात, ही बातमी छावणीतून पळून आलेल्याने दिली होती. नेमक्या त्याच वेळी छत्रीधारी सैनिक उतरले.

दोन्हीकडे खबर पक्की होती, दिवस ठरलेला होता, स्थानिक माणसे सोबत होती. आग्वादला यातली खबर तेवढी होती, बाकी तयारीला वेळ नव्हता. किल्ल्यातल्या बंदुका अजून भरलेल्या होत्या.

पण लॉस बान्योसचा पुढचा भाग सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. सोडवणारे आणि सुटलेले निघून गेल्यावर जपानी परत आले आणि त्यांनी आसपासच्या गावांतले सुमारे दीड हजार लोक ठार मारले. कैद्यांची सुटका झाली, किंमत मात्र गरीब गावकऱ्यांनी चुकवली. उत्तम आखणीतही कोणाचा तरी हिशेब राहून जातो. म्हणून सिद्धू-सेहगलांना नंतर घरी बसून घाईचा दोष देताना आमची जीभ अडखळते. रात्र संपेपर्यंत आतल्यांचे काय होईल, हे त्यांना माहीत नव्हते. थांबणे सुरक्षित होते ते बाहेरच्यांसाठी.

जो दरवाजा उघडला नाही

किल्ल्याचे दार उघडले, सगळे घरी आले, असे सांगून आम्हाला लेख संपवता आला असता. पण तसे झाले नाही.

सांगलीचा एक तरुण, मूळ नाव मनोहर आपटे, गोव्यात मोहन रानडे या नावाने शिक्षक म्हणून राहिला. सावईवेरे गावात मुलांना शिकवता शिकवता तो आझाद गोमंतक दलात गेला. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्याच पोलीस ठाण्यावर हल्ला करताना तो जखमी होऊन पकडला गेला. बेती, म्हणजे सहा वर्षांनी जिथे आपले रणगाडे येऊन उभे राहिले तोच काठ. त्याला २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्याला पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात टाकले.

१९ डिसेंबर १९६१ ला गोव्यात गुलाल उधळला गेला तेव्हा रानडे हजारो मैलांवर एकांत कोठडीत होते. आपला देश जिंकला, पण त्यांचे दार काही उघडले नाही. तिथे रणगाडा जाऊ शकत नव्हता. मग काम सुरू झाले ते कागदाचे आणि आवाजाचे. संगीतकार सुधीर फडके यांनी रानडे यांच्या सुटकेसाठी समिती उभारली आणि पाठपुरावा सोडला नाही. मद्रास राज्याचे, म्हणजे आजच्या तमिळनाडूचे, मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई १९६८ साली पोप पॉल सहावे यांना भेटले, तेव्हा त्यांनी स्वत:साठी काही मागितले नाही, रानड्यांची सुटका मागितली. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, अण्णादुराई वारले.

गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षे एक माणूस गोव्यासाठीच तुरुंगात होता. मुक्तीची तारीख पुस्तकात एक असते. माणसागणिक ती निराळी असते. रानड्यांनी पुढे 'सतीचे वाण' या पुस्तकात आपले अनुभव लिहिले. २०१९ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

कैदी बदलले

गोष्टीला आणखी एक बाजू आहे. शरणागतीनंतर तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात आले. त्यांना फोंडा, वास्को वगैरे ठिकाणी छावण्यांत ठेवले. काहींना कुठे ठेवले? आग्वादच्या किल्ल्यात. काल जिथे त्यांचे राज्य होते, तिथे आज तेच कैदी.

त्यांना मात्र १९४९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याचा दर्जा होता. गणवेशातल्या सैनिकाला कसे वागवावे याचे नियम जगाने लिहून ठेवले आहेत. आधीच्या गोमंतकीय कैद्यांना तो दर्जा कोणीच दिला नव्हता. ते पोर्तुगीजांच्या लेखी गुन्हेगार होते. आणि या पोर्तुगीज सैनिकांना परत न्यायला त्यांचेच सरकार टाळाटाळ करीत होते, कारण ते मेले नाहीत हाच त्यांचा अपराध. अखेर १९६२ च्या मे महिन्यात ते मायदेशी गेले. वासालो ई सिल्वा यांना पोर्तुगालने सैन्यातून काढून टाकले. १९७४ साली तिथली हुकूमशाही कोसळल्यावरच त्यांना मान परत मिळाला.

याच काळात आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये पोर्तुगीज सरकारने तिथल्या हिंदी दुकानदारांना आणि नोकरदारांना बायकामुलांसह छावण्यांत कोंडले. त्यांचा दोष एवढाच की ते भारतीय होते. सत्ता चिडली की जो हाताशी सापडेल त्याला कोंडते. सर्वात आधी सापडतो तो साधा माणूस.

कायद्याची किल्ली

म्हणून आम्हाला वाटते, तुरुंगाचे दार उघडायला नेहमी रणगाडा लागू नये. त्यासाठी किल्ली आधीच घडवून ठेवावी लागते.

अशी एक किल्ली आपल्या घरात आहे. संविधानाचे २२ वे कलम. पकडलेल्या माणसाला का पकडले ते सांगावे लागेल. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येईल. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागेल. हे कलम बाबासाहेबांनी १९४९ च्या सप्टेंबरात घटना समितीपुढे मांडले. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची वाटही आहे, आणि त्यावर तेव्हाही कडाक्याची चर्चा झाली होती. तरी चोवीस तासांची ही ओळ म्हणजे गरिबाच्या हातातली मोठी वस्तू आहे. आग्वादच्या कैद्यांपुढे ही ओळ नव्हती. त्यांना वर्षे मोजावी लागली.

आमच्या वस्त्यांत पोलीस चौकीचा उंबरठा कोणाला नवा नाही. तेव्हा घरातल्या दहावी-बारावीच्या पोरापोरींना हे कलम तोंडपाठ असावे. परीक्षेत त्याला गुण मिळोत न मिळोत.

आजीला उत्तर

आग्वादचा तुरुंग गोवा मुक्त झाल्यानंतरही कित्येक वर्षे साध्या कैद्यांसाठी चालू होता. २०१५ साली कैदी कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवले. मग डागडुजी होऊन १९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीला साठ वर्षे झाली त्या दिवशी, तिथे संग्रहालय उघडले. लोहिया आणि कुन्हा यांच्या आठवणीच्या कोठड्या तिथे पाहायला मिळतात. गोव्याला जाणारे आपले लोक चर्च पाहतात, समुद्र पाहतात, फोटो काढतात. त्यातला एक तास मुलांना घेऊन आग्वादच्या कोठडीत उभे राहावे आणि लाटांचा आवाज ऐकावा. मग मेजर सिद्धू आणि कॅप्टन सेहगल ही दोन नावे मुलांना सांगावी.

१९५५ साली परळ, लालबाग, नायगावच्या चाळींतून जे कोणी सत्याग्रहाला गेले, त्यांच्यापैकी कोणाच्या घरात जुने पत्र, फोटो, तुरुंगाचा कागद असेल तर आम्हाला जरूर कळवावे. मोठ्यांची नावे पुस्तकांत आली आहेत. बाकीच्यांची नावे त्यांच्या नातवंडांनीच लिहायची आहेत.

हे सगळे गोळा करून आम्ही पुन्हा मच्छीमार नगरात गेलो. नातू शाळेत गेला होता, आजी ओट्यावरच होती. आम्ही तिला थोडक्यात सांगितले. दोन साहेब त्यांना सोडवायला गेले, दारातच मेले. दुसऱ्या दिवशी दार उघडले आणि माणसे बाहेर आली. एक लांब राहिला होता, तो सात वर्षांनी आला.

आजीने सगळे ऐकून घेतले. जाळ्याची एक गाठ दाताने ओढून पक्की केली. म्हणाली, "म्हंजी शेवटचा घरी येईपर्यंत संपला न्हवता तर." आणि पुढची गाठ घ्यायला लागली.